सोडल्यानंतरचा सुधाकर

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले तेव्हा ते पाहायला नाटककार हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते. गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक उभे केले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांच्या आठवणी पुढे दोन पिढ्यांनी सांगितल्या. तेव्हापासून आजतागायत या नाटकावर विपुल लिहिले गेले आहे. सुधाकर हा शोकांतिकेचा नायक ठरतो काय, न्यायालयातील एका अपमानाने इतका बुद्धिमान वकील दारूकडे वळावा हे पटण्याजोगे आहे काय, सिंधूचे पातिव्रत्य हे नाटकाचे बलस्थान की मर्यादा, तळीरामाचा विनोद मूळ आशयाला पोषक की मारक, अशा प्रश्नांची चर्चा आपल्या समीक्षेने पुन्हा पुन्हा केली. या ऊहापोहाचे मोल मला मान्य आहे. तथापि त्यात एक प्रश्न राहून गेला, आणि तो मला एका विद्यार्थिनीने विचारला.

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या काळात मी तेथील एका महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो. वर्गात सेनगाव, कळमनुरी, औंढा या बाजूंची मुलेमुली असत. त्यांतील बरीचशी एस. टी.च्या वेळापत्रकावर जगणारी होती. ‘एकच प्याला’ शिकवून झाले, शोकांतिकेची लक्षणे फळ्यावर लिहून झाली, आणि शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली. ती वर्गात क्वचितच बोलत असे. म्हणाली, “सर, मधी त्यानं सोडली व्हती की. मंग त्याला कोणी काम काऊन नाही दिलं?”

मी तिला नायकाच्या अंगभूत दोषाविषयी काहीतरी सांगितले. तिने मान हलवली आणि ती खाली बसली. उत्तर तिला पटले नव्हते, हे मला दिसले. ते मलाही पटले नव्हते, हे कळायला मात्र पुढे काही महिने जावे लागले.

नाटकाच्या उत्तरार्धातील तो भाग पुन्हा वाचून पाहावा. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो. सिंधूच्या अंधाऱ्या घरात क्षणभर उजेड पडतो. निश्चय करून तो घरात बसून राहत नाही, कामधंद्याच्या शोधात बाहेर पडतो. जुन्या ओळखीच्या, प्रतिष्ठित माणसांकडे जातो. तेथे त्याच्या वाट्याला अविश्वास येतो आणि अपमान येतो. हा मनुष्य दारू सोडून आला आहे, यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. ठेवला तरी त्याचे पुढे काय करायचे, हे कोणालाच सुचत नाही. तो परत येतो तो पुन्हा प्याल्याकडे, आणि या वेळी न थांबण्याच्या निर्धाराने. पुढचा सर्वनाश, मुलाचा मृत्यू, सिंधूचा अंत आणि अखेर सुधाकराचा विषाचा प्याला, हे सारे या परत येण्यातून घडते. पहिल्या प्याल्यातून नव्हे.

आपण हा भाग सुधाकराच्या मनोदौर्बल्याचा आणखी एक पुरावा म्हणून वाचत आलो. नाटकाचे नावच तसे वाचायला शिकवते. पहिला प्याला घेतला की संपले, हा बोध इतका ठळक आहे की मधल्या त्या थोड्या दिवसांकडे लक्ष जाऊ नये. त्या काळाचाही त्यात वाटा असणार. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले होते आणि मद्यपाननिषेधाची चळवळ लोकांच्या मनात ताजी होती. चळवळीला पहिला प्याला घेऊ नका असे सांगणारे नाटक हवे असते. शेवटचा प्याला ठेवून आलेल्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न तिच्या कामाचा नसतो. परंतु गडकऱ्यांची नाट्यदृष्टी चळवळीच्या पुढे गेली होती. दारू सुटणे ही एक घटना आणि सुटलेली राहणे ही दुसरी, स्वतंत्र घटना, हे त्यांना दिसले होते. त्यांनी ते एका प्रवेशात दाखवले आणि आपण ते शंभर वर्षे ओलांडून गेलो.

आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश याच दृष्टीने पाहावेत. नाटकातले हे सर्वांत हशा पिकवणारे प्रवेश. तळीराम आणि त्याचे सोबती दारू पिण्यासाठी रीतसर मंडळ काढतात, त्याची उदात्त भाषेत भलावण करतात. या विनोदाखाली एक कडवट सत्य आहे. पिणाऱ्याला मंडळ आहे. त्याला बसायला जागा आहे, ठरलेली वेळ आहे, हाक मारणारे सोबती आहेत, त्याच्या दुःखावर मान डोलावणारे कोणी आहे. सुधाकर सोडतो तेव्हा तो या साऱ्यातून उठून येतो आणि त्याच्यासाठी दुसरे कोणतेही मंडळ नसते. घरी सिंधू आहे, हितचिंतक रामलाल आहे. दोघेही त्याच्यावर जीव टाकतात, पण दोघांपैकी एकानेही कधी प्याला ओठांना लावलेला नाही. रात्री नऊच्या सुमारास हात का थरथरतात, हे त्यांना सांगून कळण्यासारखे नाही. रामलालाशी बोलताना सुधाकर दारू माणसाला टप्प्याटप्प्याने कशी गिळते ते उलगडून सांगतो. मराठी नाट्यवाङ्मयातले ते एक असामान्य भाषण आहे. मला त्या भाषणात नेहमी एक एकाकीपणा ऐकू येतो. हा मनुष्य जे जाणतो ते ज्याला सांगतो आहे, त्याला ते फक्त ऐकता येते.

नाटक रंगभूमीवर आल्यानंतर सोळा वर्षांनी, १९३५ मध्ये, अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांची भेट झाली. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ जन्माला आली. तिची मूळ कल्पना साधी होती. एका बेवड्याशी दुसऱ्या बेवड्याने बोलावे. आर्य मदिरा मंडळ उलटे करून ठेवले तर जे दिसेल, ते हे. तीच ठरलेली वेळ, तीच सोबत, तेच मोकळे बोलणे, फक्त मध्ये प्याला नाही. पुढे १९३९ पासून त्याच गावच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने डॉ. स्मिथ यांच्या साहाय्याने मद्यासक्तांना दाखल करून घेण्यास प्रारंभ केला. तिच्याकडचा मुक्काम जेमतेम पाच दिवसांचा असे. निघताना ती प्रत्येकाच्या हाती पवित्र हृदयाचे एक लहानसे पदक देई आणि एकच अट घाली. पुन्हा पहिला प्याला घेण्याआधी हे पदक मला परत आणून द्यायचे. या अटीतला शहाणपणा पाहावा. शपथ मोडली की मनुष्य तोंड लपवतो. पदक परत द्यायचे म्हटले की त्याला दारात तरी यावे लागते, आणि दारात आलेल्या माणसाशी बोलता येते. आत पाच दिवस आणि बाहेर सारे आयुष्य, असा तिचा हिशेब होता. आपला हिशेब नेमका उलटा आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा हिशेब बदलण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने केला. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले होते. ‘मुक्तांगण’ २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या परिसरात सुरू झाले. त्यामागे डॉ. अनिता अवचट यांचे वैद्यकीय ज्ञान व धैर्य, अनिल अवचटांचे गर्दवरील लेखन आणि ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे पाठबळ होते. एका लेखमालेतून संस्था उभी राहावी, ही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील दुर्मीळ घटना आहे. पस्तीस दिवसांचे निवासी उपचार हा तेथील कामाचा दर्शनी भाग. त्याच्या मागे जे उभे केले गेले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. बाहेर पडलेल्यांच्या ठिकठिकाणी नियमित भरणाऱ्या सभा, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट, बरे झालेल्यांनीच समुपदेशक होणे, दारूविना एक वर्ष पुरे झाल्यावर साजरा होणारा वाढदिवस.

अवचटांच्या ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकाकडे मी साहित्यकृती म्हणूनही पाहतो. त्यांची भाषा ऐकणाऱ्याची आहे, निवाडा देणाऱ्याची नाही. गडकऱ्यांच्या भाषेचा झगमगाट जेथे माणसाला दिपवतो, तेथे अवचटांचे साधे वाक्य त्याला खुर्ची देऊन बसवते. व्यसनी मनुष्य मराठी गद्यात इतक्या सहजपणे, खलनायक किंवा करुणेचा विषय न होता, त्याआधी क्वचितच वावरला असेल. तरीही एक मर्यादा जाणवते. संस्थेची गोष्ट सांगताना लेखकाची नजर स्वाभाविकच संस्थेच्या आवारात वावरते. आत येणारा मनुष्य आपल्याला पूर्ण दिसतो. जो पुढे तेथेच कार्यकर्ता होऊन राहिला, तो तर फारच छान दिसतो. परंतु जो पस्तीसाव्या दिवशी पिशवी उचलून रात्रीच्या गाडीने मराठवाड्यातल्या आपल्या गावी निघाला, त्याच्या मागे लेखकाला जाता येत नाही. हा दोष म्हणून मी सांगत नाही. त्या गावात राहणाऱ्या आम्हां लोकांनी ते लिहायला हवे होते. तुषार नातू यांनी ‘नशायात्रे’त व्यसनातून गेलेल्या माणसाच्या बाजूने बरेच सांगितले, पण ग्रामीण मराठवाड्याच्या घरातले पहिले सहा महिने कोणी लिहिले असल्यास ते माझ्या वाचनात आले नाहीत.

अडचण आशयाची आहे तशी ती रूपाचीही आहे. नाटकाला घटना हवी असते. प्याला उचलला, शपथ घेतली, शपथ मोडली, या घटना आहेत. आज पिलो नाही, उद्याही पिलो नाही, परवा बाजाराचा दिवस होता तरी पिलो नाही, यात नाट्य कोठले? उधळ्या पुत्राचा दाखलाही मेजवानीपाशी थांबतो. बाप दारात धावत आला, वासरू कापले गेले, वाद्ये वाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धाकटा मुलगा कोणत्या कामाला लागला आणि अजून अंगणातच उभा असलेला थोरला भाऊ त्याच्याशी काय बोलला, हे आपल्याला कधीच कळत नाही. दाखल्याचे प्रयोजन वेगळे असल्याने तो तेथे थांबतो, हे योग्यच. पण आपली व्यवस्था त्याच ठिकाणी थांबते, याला काय म्हणावे?

शास्त्र येथे काय सांगते ते थोडक्यात नमूद करतो. दारू एकदम थांबवल्यावर शरीराची जी तडफड होते, ती बहुधा काही दिवसांत ओसरते. त्या दिवसांत वैद्यकीय देखरेख अत्यावश्यक असते, नाहीतर जिवावर बेतू शकते. झोप न लागणे, चिडचिड, उदासी आणि अचानक उसळणारी तलफ यांचे मात्र महिनोन्महिने चालते. केंद्रात दारू न पिणे हा बराचसा परिस्थितीचा गुण असतो. तेथे दुकान नाही, हातात पैसा नाही, मेहुण्याची वरात नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये अमली पदार्थांच्या व्यसनींसाठी सरकारने मोठे रुग्णालय काढले. शहरापासून दूर, शेतीच्या मोकळ्या हवेत माणसे सुधारत. न्यूयॉर्कच्या आपल्या गल्लीत परतल्यावर त्यांतील बहुतेक पुन्हा व्यसनाकडे वळत. याच्या उलट, व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी फार थोडे घरी आल्यावर व्यसनात राहिले, असे ली रॉबिन्स या संशोधक स्त्रीला आढळले. पहिल्यांची जागा तीच राहिली होती, दुसऱ्यांची बदलली होती. आपल्या खेड्यातला मनुष्य मात्र लेक्सिंग्टनच्याच रुग्णासारखा असतो. त्याला परत जायला गाव एकच.

त्या मुलीचे वडील असेच परतले होते. ही हकीकत मला तिच्या मैत्रिणीकडून कळली. ते एका बागायतदाराकडे ट्रॅक्टर चालवीत. पुण्याकडच्या एका केंद्रात त्यांनी उपचार पुरे केले आणि पोळ्याच्या आठवडाभर आधी ते गावी आले. केंद्राने त्यांच्या हाती तारखांचे एक कार्ड दिले होते. दर महिन्याला सभेला यावे, जमेल तर पत्नीला घेऊन यावे. पुण्याचा रात्रभराचा प्रवास, दोघांचे भाडे आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी, असा त्या कार्डाचा अर्थ होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कर असते. त्या दिवशी पिणे हा जणू गावाचा रिवाज. ते दिवसभर घरात पडून राहिले. गाव हसले. सोयाबीनच्या काढणीला मालकाने ट्रॅक्टरची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली. मालक दुष्ट नव्हता. त्याला आपल्या यंत्राची काळजी होती. घरचे लोक येताजाता तोंडाचा वास घेत. त्यांना माणसाची काळजी होती.

मुलगी एके दिवशी माझ्या घरी आली. महाविद्यालयात रात्रीच्या पहारेकऱ्याची रोजंदारीवरची जागा होती. सरांनी शब्द टाकला तर वडिलांचे काम होईल, असे तिला वाटत होते. मी तिला चहा दिला, आस्थेने चौकशी केली आणि म्हणालो, “थोडे दिवस जाऊ देत, मग बघू.” त्या वाक्यात अपमान नव्हता, अशी माझी समजूत होती. सुधाकर ज्या सद्गृहस्थांच्या दारी गेला, त्यांचीही तशीच समजूत असणार. नाटक वर्गात शिकवून मला दोन महिनेही झाले नव्हते. दसऱ्याच्या सुमारास, हिंगोलीच्या मैदानावर प्रदर्शनाची गर्दी उसळलेली असताना, ते पुन्हा पिऊ लागल्याचे मी ऐकले.

वास्तविक या जिल्ह्याला सोडल्यानंतरच्या जगण्याची रीत अपरिचित नाही. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव येथलेच. गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य आणि मांस सुटले, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते. माळकऱ्यापुढे कोणी प्याला करीत नाही. त्याने नाही म्हणण्याआधीच गाव त्याच्या वतीने नाही म्हणते. शिवाय माळेबरोबर एक वेळापत्रक येते. संध्याकाळचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी, सप्ताह, वर्षाची आषाढी. ज्या वेळी गुत्त्यावर दिवा लागतो, त्याच वेळी देवळात टाळ वाजू लागतात. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सर्वत्र ‘फॉलोअप’ हा इंग्रजी शब्द रूढ झाला आहे. त्याला ‘पाठपुरावा’ म्हणावे तर सरकारी फायलीचा वास येतो. वारंवार जाणे, न चुकता जाणे, एकट्याने न जाता सोबतीने जाणे, या सर्वांना मिळून आपल्याकडे शब्द आहे, वारी.

माळेचीही एक अडचण मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती तुटली की मनुष्य मंडळातूनच तुटतो. ज्याने माळ घालून पुन्हा घेतली, तो देवळाच्या वाटेने जाणे टाळतो. म्हणजे ज्या घडीला सोबतीची सर्वांत अधिक गरज, त्याच घडीला तो एकटा पडतो. यावर उत्तर नामदेवांच्या चरित्रकथेतच आहे. गोरोबाकाकांनी थापटणे मारून पाहिले आणि सर्व संतांत नामदेव हे कच्चे मडके ठरले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. कच्चे ठरलेल्या नामदेवांना कोणी आव्याबाहेर फेकून दिले नाही. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. तेथे जी गोष्ट संपायची ती सुरू झाली. पुन्हा पिणे हे मडके कच्चे असल्याचे लक्षण मानावे, फुटल्याचे नव्हे. आणि औंढा तर आमच्या मुलीच्या गावाहून तासाभराच्या अंतरावर आहे.

या जागी आपल्या समाजात एक घातक समजूत शिरली आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात जाहिरात असते. पिणाऱ्याला न कळता जेवणातून औषध द्या आणि दारू कायमची सोडवा. डायसल्फिरामसारखे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायचे असते. ते पोटात असताना दारू घेतल्यास धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होतात आणि न कळता दिलेल्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. पण मला या जाहिरातीत एक वाङ्मयीन साम्यही दिसते. एका प्याल्याने मनुष्य बिघडतो, ही जी आपली कल्पना, तिचीच ही दुसरी बाजू आहे. एका गोळीने, एका शपथेने, एका शिबिराने तो सुधारतो. दोन्हींत काळाला जागा नाही.

जागा करायची म्हटली तर ती फार खर्चिक नसते, असे दिसते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतात आणि दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मागे एक. सर्वांसाठी खाटा उभारणे कोणालाच शक्य नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी मोजक्या बैठकांतून समुपदेशन केले. तीन महिन्यांनी त्या पिण्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण त्यांच्या गटात ३६ टक्के भरले, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. हे रुग्ण पूर्ण आहारी गेलेले नव्हते, म्हणून आकडा जपून वापरावा. परंतु ऐकणे हे काम शिकवता येते आणि ते गावातल्या माणसाला करता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’च्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या गावी दवाखाने आणि खेड्यांत शिबिरे भरवून हीच दिशा धरली आहे.

सिंधूविषयी लिहायचे राहिले. तिच्या सोशिकपणावर आपल्या समीक्षेने स्तुती आणि टीका दोन्ही ओतली. मला नाटकातल्या दुसऱ्या स्त्रीची, तळीरामाच्या गीतेची आठवण होते. दोघीही दारुड्यांच्या बायका. एक सोसते, दुसरी फटकळपणे बोलते. गडकऱ्यांनी एकीला करुणरसासाठी आणि दुसरीला बहुतांशी हास्यरसासाठी योजले. वर्ग आणि वृत्ती यांच्या भिंतीपलीकडे जाऊन या दोघींनी आपापल्या नवऱ्यांविषयी बरोबरीच्या नात्याने बोलावे, असा प्रसंग त्यांना सुचला नाही. त्या काळी सुचणे अवघडच होते. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी अल्-ॲनॉन ही संघटना अमेरिकेतसुद्धा १९५१ मध्ये निघाली. ‘सहचरी’च्या सभेत आज सिंधू आणि गीता शेजारी शेजारी बसतात. तेथे गीतेच्या बोलण्याला कोणी हसत नाही, आणि सिंधूला कोणी देवीही म्हणत नाही. नवऱ्याचे खिसे तपासणे सोडून स्वतःच्या झोपेची काळजी घेणे, हे तेथे सिंधूला शिकावे लागते. या नाटकाचा नवा प्रयोग कोणी बसवणार असेल तर या दोघींना एका बाकावर बसवून पाहावे, अशी माझी विनंती आहे. संहितेतला एक शब्दही बदलावा लागणार नाही.

मी हिंगोली सोडून बरीच वर्षे झाली. मध्यंतरी एका मित्राच्या घरच्या कार्याला गेलो असता परतीच्या दिवशी हिंगोलीच्या स्थानकावर पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा होतो. एक गृहस्थ आपण होऊन पुढे आले आणि त्यांनी मुलीचे नाव सांगितले. ती आता शिक्षिका आहे. त्यांचे दुसऱ्यांदा उपचार झाले, त्यानंतर गावातल्या एका माळकऱ्याने वर्षभर रोज संध्याकाळी त्यांना घरून नेऊन पुन्हा घरी आणून सोडले. तो काही विचारीत नसे, नुसता बरोबर चाले. शेजारच्या जिल्ह्यात एक सभा भरते, तिला ते आठवड्यातून एकदा या गाडीने जातात. तिकिटाबरोबर त्यांनी खिशातून एक कार्ड काढले आणि कौतुकाने मला दाखवले. ते केंद्राचे पहिलेच जुने कार्ड होते, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले. त्यावर वरच्या ओळीतल्या चार चौकोनांत काहीही लिहिलेले नव्हते. ते चार महिने कोणते, हे मला ठाऊक होते. खालच्या चौकोनांत निळ्या शाईच्या तारखा होत्या आणि जागा संपल्यावर मागे कोरा कागद चिकटवून पुढच्या तारखा लिहिल्या होत्या.

मी विचारले, “आज एकटेच?”

“नाही,” ते म्हणाले, “वसमतला आणखी एक जण चढतो. नवीन आहे. त्याच्यासाठी जागा धरावी लागते.”